घर ११२ मधला दुसरा माणूस

४ सप्टेंबर २०१७, सोमवार

नवी नोकरी, नवं गाव, म्हणून नवी वही. वस्तू हरवण्यात माझा हात कोणी धरणार नाही, तेव्हा पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत नाव घालून टाकलं: ________, अचलपूर. सापडल्यास परत करावी ही विनंती.

परवा ईद झाली. अम्मी गेल्याला दोन वर्षं होतील. तेव्हापासून सणाला माझ्या एकट्याच्या घरात शेजाऱ्यांचे डबे येतात आणि मी ते न धुता परत करतो. यंदा डबे धुतले, घराला कुलूप लावलं आणि निघालो. यवतमाळपर्यंत उभ्यानं, पुढे पांढरकवड्यापर्यंत खिडकी मिळाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी माणसाच्या छातीच्या वर गेलेली. एवढी उंच पऱ्हाटी मी कधी पाहिली नव्हती. कंडक्टर म्हणाला, यंदा फवारताना औषध पिकावर कमी न् मानसाच्या तोंडावर जास्त पडून राह्यलं. इकडे कीड मारायच्या विषाला औषधच म्हणतात.

खोली मिळाली ती मात्र जवळच्या केळापूरला, रुखमाबाई नावाच्या बाईंकडे. दारावर पत्र्याचा निळा तुकडा, त्यावर ११२. ओसरीत बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर आणि शेजारी निळ्या शर्टातला एक हसरा तरुण. तो तिचा एकुलता मुलगा, इंद्रजित. पोळ्याच्या आठ दिवस आधी टोळीसोबत फवारणीच्या कामाला गेला. टोळी परतली, तो नाही. फोन बंद. ती रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवते आणि सकाळी गाईला घालते. मी कॉम्प्युटरवाला आहे हे कळल्यावर तिनं एका दमात सगळं सांगितलं: वय चोवीस, रंग सावळा, डाव्या करंगळीचं टोक लहानपणी कडबा कुट्टीत गेलेलं. मग म्हणाली, बाबू, तुया मशीनमंदी पाह्यजो जरा माया पोराले. पाहतो म्हणालो. तिच्या हातची भाकर आणि ठेचा खाल्ल्यावर नाही कोण म्हणणार?

६ सप्टेंबर

काम माझ्या आवडीचं आहे. संस्था म्हणजे पांढरकवड्यातल्या दोन खोल्या आणि त्या चालवणाऱ्या साधनाताई. यंदा फवारताना विषबाधा होऊन माणसं पडत आहेत, मिळेल त्या गाडीतून दवाखान्यात जात आहेत आणि घरच्यांना पत्ता नाही. म्हणून दोन याद्या. पहिली गावांकडची: फवारणीला गेले आणि परतले नाहीत अशी माणसं, घराच्या आणि घरातल्या क्रमांकासकट. आमच्या घरात रुखमाबाई ११२/१, इंद्रजित ११२/२. दुसरी यादी दवाखान्याची. दोन्ही जोडायच्या आणि जुळलेल्यांच्या घरी निरोप धाडायचा.

संध्याकाळी रुखमामावशींनी विचारलं, जोडतं म्हंजे काय करतं? मी लग्नाची पंगत काढली. एक यादी आमंत्रणाची, दुसरी जेवून गेलेल्यांची. इनर जॉइन लावला की ज्यांना बोलावलं आणि जे जेवले, तेवढेच राहतात, बाकी सगळे गळतात. लेफ्ट जॉइनमध्ये बोलावलेले सगळे राहतात, न आलेल्यांपुढे जागा कोरी. राइट जॉइनमध्ये जेवलेले सगळे, बिनबोलावलेल्यांसकट. फुल जॉइनमध्ये इकडचे-तिकडचे कोणीच सुटत नाही, पण कोऱ्या जागा फार. मला कोऱ्या जागा बघवत नाहीत, मी शक्यतो पहिलाच लावतो, असंही ऐटीत सांगितलं. त्यावर ती म्हणाली, सगळेच ठेव ना बाबू, जागा कोरी राह्यली तं राह्यली. पंगतीतून कोनाले कायले उठवतं?

मी हसलो. बाईंना कॉम्प्युटर शिकवायला हरकत नाही.

८ सप्टेंबर

यादी झाली. साधनाताई खूश.

दवाखान्याच्या यादीत ‘ओळखीच्या खुणा’ असा एक लांबलचक रकाना होता. कुठे तीळ, कुठे गोंदण, कुठे भलतंच काही. न वाचताच उडवला. नाव आणि गाव यांवरून जुळवणी केली. अडतीसपैकी सत्तावीस जुळले. गावांकडचे अकरा उरले, दवाखान्याकडचेही अकरा, त्यातले बरेच नुसते ‘अनोळखी’. उद्या निरोप घेऊन माणसं निघायची आहेत, अर्धवट ओळींचं कोण काय करणार? इनर जॉइन लावला, उरलेले गाळले आणि मूळ फायलींवरच ही नवी यादी जतन केली. एका कामाच्या तीन-तीन फायली बाळगणारी माणसं मला आवडत नाहीत. गावांकडच्या अकरांची नावं तेवढी सवयीनं वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवली.

इंद्रजित त्या अकरांत आहे. म्हणजे दवाखान्यात नाही, म्हणजे ठणठणीत असणार. घरी येऊन तसं सांगितलं. मावशींनी माझ्या तळहातावर गूळ ठेवला.

११ सप्टेंबर

आज एक गंमत झाली. ग्रामपंचायतीचे डोमाजी घरयादी नवी करायला आले होते. म्हातारा दारात बसून चष्मा पुसत मावशींना विचारत होता, घरात किती? ती म्हणाली, मी न् हा भाडेकरू. त्यांनी लिहिलं: ११२/२, ________. मी म्हणालो, अहो, दोन नंबर इंद्रजितचा आहे. डोमाजी माझ्याकडे बघत राहिले. मावशीही.

मी विषय सोडून दिला. बिचारीनं वाट पाहणं सोडलं असावं, असं वाटलं. आता तीन दिवस झाले, ती एकच जास्तीचं ताट घेते, माझं. झाकलेलं ताट नाही. आणि काय सांगू, घराच्या यादीत माझं नाव लागलं याचं मला बरं वाटलं. अम्मीनंतर कोणत्या घरात मी दोन नंबरचा होतो?

१२ सप्टेंबर

मावशींनी पेटीतून एक निळा शर्ट काढून आणला. तुया हाय का रे बाबू, म्हणाली, माया पेटीत कसा आला कोन जाने.

मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. तिनं फोटो काढून पदरानं पुसला, उजेडाकडे धरून पाहिला. मग शांतपणे म्हणाली, चांगला हाय पोट्टा. कोनाचा हाय?

१४ सप्टेंबर

दुःखानं माणसाचं डोकं फिरतं, असं दोन दिवस स्वतःला सांगितलं. आज ते खोटं पडलं.

लीलाबाई म्हणून एक बाई जवळच्या तांड्यावरून रोज दहाला संस्थेच्या पायरीवर येऊन बसायची. नवरा खेमसिंग फवारणीला गेलेला, खांद्यावर गोंदण, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. शनिवारपासून ती आलेली नाही. आज बाजारात दिसली, कडेवर दीड वर्षाची पोर. मी खेमसिंगचं विचारलं. ती म्हणाली, कोन खेमसिंग जी? मी म्हणालो, तुमचा नवरा. ती हसली. मग हातातल्या बांगड्यांकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि हसता हसता तिचं तोंड असं काही झालं की मी तिथून पळालो.

खेमसिंगही त्या अकरांत होता.

साधनाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, यादी सत्तावीसचीच होती, अडतीस कुठून आणलेत? शेवटचं पान उघडलं. अकरा नावं आहेत. पण शाई फिकी झाली आहे, बाकीच्या पानांवरची नाही.

१५ सप्टेंबर

दुपारी एक. संस्थेच्या मागच्या खिडकीतून कपाशीचं शेत दिसतं. डबा खात होतो. खट... खट... पंपाचा दांडा हलवल्याचा आवाज.

पऱ्हाटीत माणसं उभी होती. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल. फवारत नव्हती. दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहतात तशी खिडकीकडे तोंड करून उभी. लख्ख ऊन होतं. मी दोनदा मोजली. अकरा.

साधनाताईंना हाक मारली. त्यांना नुसतं शेत दिसलं.

पायरीवर ओली पावलं होती, दुधासारखी पांढरट. औषधाचा वास डब्यातल्या भाजीलाही लागला.

१८ सप्टेंबर

दवाखान्यात जाऊन आलो. मूळ नोंदवही पाहू दिली. मी विचारलं, गाव जुळत नाही असं कसं? तिथला म्हातारा कारकून म्हणाला, गाव म्हंजे जिथून उचलून आनलं ते गाव जी. मानूस बेसुद, आननारा वाटसरू, तो दुसरं काय सांगन?

म्हणजे केळापूरचा माणूस वणीकडच्या शेतात पडला की तो वणीचा होतो. हे इथल्या कोणालाही ठाऊक असतं. मी अचलपूरहून आलेला शहाणा, मी कोणाला विचारलं नाही. दोन्हीकडे अकरा-अकरा उरले तेव्हाही उजेड पडला नाही.

खुणांचा रकाना आज वाचला. मी उडवलेला. सहावी ओळ: ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे २४. आणलं वणी रस्त्यावरून. रंग सावळा. डावी करंगळी टोकाला तुटलेली.’ पुढे: ‘वारला, २८ ऑगस्ट.’

मी गूळ खाल्ला होता. तिच्या हातचा.

वॉर्डात एका खाटेवर खेमसिंग होता, खांद्यावरच्या गोंदणावरून ओळखला. जिवंत. त्याला आपलं गाव आठवत नाही. सलाईन संपलेलं, आणि नर्स दोनदा शेजारून गेली, तिची नजर रिकाम्या खाटेवरून फिरावी तशी फिरली. मीच तिला हाताला धरून आणलं.

१९ सप्टेंबर

शेवटच्या पानावरून खेमसिंगचं नाव पुन्हा यादीत घातलं. नोंदवहीवरून उतरवलेल्या दवाखान्याच्या ओळीपुढे त्याचा घर क्रमांक हातानं लिहिला. या वेळी फुल जॉइन लावला.

तासाभरात लीलाबाई धावत आली. पायात चप्पल नाही. मले काहून नाही सांगितलं, मले काहून नाही सांगितलं, म्हणत माझ्या टेबलावर हात आपटत होती. मी तिला बसभाडं दिलं आणि कोपऱ्यात जाऊन रडलो.

शेतात आता दहा आहेत.

२३ सप्टेंबर

आणखी नऊ केले. खुणा, गोंदणं, घरोघर हिंडून पाहिलेले, घरच्यांनाच ओळखू न येणारे फोटो आणि कपडे. सहा जिवंत निघाले, तीन नाही. त्या तीन घरांतला आक्रोश मी रस्त्यावर उभं राहून ऐकला. पण सगळ्यांना आपलं माणूस परत आठवलं. शेवटच्या पानावरची त्यांची नावं पुन्हा काळीभोर झाली.

एकच नाव फिकं राहिलं आहे. एकच माणूस पऱ्हाटीत उभा आहे. त्याला मी मुद्दाम शेवटी ठेवलं, हे इथं तरी लिहितो.

माय आता मजेत आहे. मी मावशींना मायच म्हणायला लागलोय. ती गुणगुणत भाकरी थापते, मला तू जेवत नाहीस म्हणून रागावते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं म्हणून तिनं माझ्यासाठी पांढरा शर्ट आणला. मी म्हणालो, मी मुसलमान आहे माय. ती म्हणाली, मंग का झालं, मायसंग चाल. दरवर्षी मी एकलीच कशी जात असन रे?

एकटी कधीच गेली नाहीस. हे मला माहीत आहे. तिला सांगायचं तर तिला मुलगा द्यावा लागेल, आणि तो मेलेला आहे.

२५ सप्टेंबर

आज अंगणात आला. भर दुपारी. माय त्याच्या अंगावरून जाऊन कपडे वाळत घालून आली. त्यानं फक्त मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

नाव जेमतेम वाचता येतं. उद्या करतोच.

२६ सप्टेंबर

केलं. इंद्रजित, ११२/२. दवाखान्याच्या त्या सहाव्या ओळीपुढेही ११२/२ लिहिलं. पत्त्यासाठी डोमाजींची घरयादी जोडली. फुल जॉइन.

११२/२ दोनदा आलं.

इंद्रजित — वारला, २८ ऑगस्ट.
________ — वारला, २८ ऑगस्ट.

एका क्रमांकावर दोन माणसं असली की समोरची ओळ दोघांनाही चिकटते. पहिल्या वर्षी शिकवतात हे. डोमाजी लिहीत होते तेव्हा मला बरं वाटलं होतं —

२७ सप्टेंबर

डोळ्यांतून पाणी थांबत नाही. लाळ. हातांना औषधाचा वास, साबणानं जात नाही. आरशात बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या.

मायनं आज दोन ताटं वाढली. दुसरं कोणाचं, तिलाच कळेना. झाकून ठेवलं आणि विनाकारण रडत बसली. मग मला इंद्रजित म्हणून हाक मारली. मी ओ दिली.

२८ सप्टेंबर

स्वतःला ११२/३ लिहून पाहिलं, जतन केलं की पुन्हा ११२/२च; दोघं एका क्रमांकावर आहोत तोवर तिला तो धड आठवणार नाही, एक ओळ पुसली की झालं. त्याची पुसली तर तिला काही आठवणार नाही. दुःख नाही. मी तिचा. परवा दसरा. पांढरा शर्ट खुंटीवर आहे.

त्याच्या ओळीवर बोट नेलं. खिडकीत तो उभा. रुमाल काढलेला होता. फोटोतल्यासारखा हसरा नाही, पण रागही नाही. थकलेला दिसतो. घरी जायचं असलेला माणूस कसा दिसतो —

नाही पुसता आली.

पंगतीतून कायले उठवतं, म्हणाली होती.

मलाही कोणी उठवू नये असं वाटतं. फार वाटतं.

२९ सप्टेंबर, सकाळ

संस्थेत आलो. यादी उघडली.

अम्मी, माफ कर. तू ठेवलेलं नाव आहे.

माझी ओळ पुसली. जतन केली. त्याच फायलीवर.

२९, दुपार

छाती मोकळी झाली. वास नाही. शेतात कोणी नाही. साधनाताईंनी विचारलं, आपण कोणाकडे आलात? त्या खुर्चीवर बसू नका.

वाट पायांना ठाऊक होती. दारावर ११२. आत बाया जमलेल्या. मधे एक बाई, छातीशी फोटो धरून — निळा शर्ट — माया इंद्रजित, माया सोन्या, म्हणत —

माय, म्हणालो. तिनं वर पाहिलं. डोळे पुसले. कोन पायजे जी तुमाले? तुमी वळखत होते का माया पोराले?

हो म्हणालो.

बसा जी मंग, म्हणाली. पाणी दिलं. तो कसा होता ते मला सांगत राहिली. करंगळीचं सांगितलं. मी पहिल्यांदा ऐकावं तसं ऐकलं. खुंटीवर पांढरा शर्ट आहे, तो कोणासाठी आणला तिला आठवत नाही.

नंतर

पायरीवर बसलो आहे. पिशवीत ही वही निघाली. अक्षर ओळखीचं आहे. आत कोणी बाई रडते. तिच्या मुलाचं नाव इंद्रजित, हे इथं लिहिलंय, काळ्या शाईत, ठळक. जिथं लिहिणाऱ्याचं नाव हवं तिथं मात्र कागद कोरा आहे. एका ठिकाणी. आणखी एका ठिकाणी.

सापडल्यास परत करावी, म्हटलंय. करायला हवी. कोणाची आहे ते पहिल्या पानावर असेल. पहिलं पान पाहतो, तिथं ठळक अक्षरांत